‘व्योम’मध्ये काय राहून गेलं? न दाखवलेल्या गोष्टीचा इतिहास कसा लिहायचा

‘टीव्हीवरच्या मालिकेवर इतिहास विषयात पीएचडी होते का?’ हा प्रश्न पेटची तयारी करणाऱ्यांकडून मला इतक्या वेळा येतो, की एकदाच सविस्तर लिहून टाकते. होते. फक्त मालिका चांगली होती की वाईट हे ठरवणं आपलं काम नाही, आणि ‘आमच्या लहानपणी काय भारी होतं’ हे लिहिणं तर नाहीच नाही. माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण परभणी जिल्ह्यातल्या दूरदर्शनच्या प्रेक्षकांवर आहे. त्यातला सगळ्यात अवघड भाग एका वादाचा आहे. वाद असा, की ‘कॅप्टन व्योम’मध्ये काय काय दाखवता आलं असतं आणि दाखवलं नाही.

हसू नका. चाळिशीच्या आसपासच्या चार लोकांत बसून हा विषय काढून बघा. पाच मिनिटांत दोन गट पडतात.

ज्यांनी मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९८ मध्ये दूरदर्शनवर आलेली ही हिंदी विज्ञान मालिका. दिग्दर्शक केतन मेहता. व्योम म्हणजे आपला मिलिंद सोमण, आणि विश्वप्रमुख म्हणून टॉम ऑल्टर. काळ २१२३ सालचा. माणूस सूर्यमालेत पसरलाय, सगळ्यांचं मिळून एकच सरकार आहे, आणि अंतराळातल्या तुरुंगातून बारा अट्टल गुन्हेगार पळालेत. त्यांना हुडकून काढायचं काम व्योमकडे. कॉम्प्युटर ग्राफिक्स आज बघितलं तर मोबाईलवरच्या गेमपेक्षा कच्चं वाटतं. पण ज्या गावात कॉम्प्युटर हा शब्द फक्त शहरातल्या क्लासच्या पाटीवर वाचलेला होता, तिथे त्या यानांचं काय झालं असेल याची कल्पना करा.

आता तक्रारी. पहिली तक्रार त्या बारा जणांबद्दल असते. ते गुन्हेगार का झाले? पळाले, पकडले, संपलं. एकाला तरी बाजू द्यायची होती. दुसरी तक्रार मला स्वतःला जास्त वजनदार वाटते. सगळ्या जगाचं एकच सरकार झालं म्हणता, पण झालं कसं? युद्ध झालं का? कोणी विरोध केला? देश कुठे गेले? दीडशेपेक्षा जास्त देश एका झेंड्याखाली आले ही केवढी मोठी गोष्ट, आणि ती नेपथ्यासारखी मागे लावून ठेवली. तिसरी तक्रार खास आपल्या भागातली. ती शेवटी सांगते.

हे सगळं ऐकायला मजा येते. रेकॉर्डर चालू असतो, माणूस खुलून बोलत असतो, आणि आपल्याला वाटतं की झालं, प्रकरण तयार. इथेच थांबायचं असतं.

कारण समोरचा माणूस जेव्हा म्हणतो, ‘ते दाखवलंच नाही’, तेव्हा त्या वाक्याचे निदान तीन अर्थ असू शकतात. खरंच मालिकेत नव्हतं. किंवा मालिकेत होतं, पण त्या दिवशी लाईट गेली होती. किंवा लाईट होती, त्याने पाहिलंही, पण आज आठवत नाही.

गंमत वाटेल, पण परभणीत दुसरा अर्थ फार महत्त्वाचा ठरतो. सेलूकडच्या एका मुलाखतीत ठाम तक्रार होती की एक गुन्हेगार गोष्टीतून मध्येच गायब झाला, लेखकाने त्याला वाऱ्यावर सोडला. यूट्यूबवर सापडलेले भाग मी बसून पाहिले, तर त्या पात्राचा शेवट रीतसर होता. मग पुन्हा बोलले. हळूहळू निघालं ते असं: घरात टीव्ही नव्हता. गल्लीत एका घरी जाऊन बघायचे. त्या घरातले पाहुण्यांकडे गेले की दार बंद. टीव्ही चालू असला तरी ॲन्टिना फिरला की पडद्यावर नुसत्या मुंग्या, एकाने माळवदावर चढायचं आणि खालून दुसऱ्याने ‘आलं, आलं, गेलं!’ ओरडायचं. आणि हे सगळं जमून आलं की लाईट जायची. रिपीट टेलिकास्टचा भरवसा नाही, रेकॉर्ड करायला व्हीसीआर नाही. सुटलं ते सुटलं.

मग ती मुलं काय करायची? दुसऱ्या दिवशी शाळेत ज्याने पाहिलंय त्याच्याकडून ऐकायची. ज्याने पाहिलंय तोही थोडं पदरचं घालून सांगायचा. ज्यांच्यापैकी कोणीच पाहिलेलं नसायचं ती मुलं मिळून गोष्ट बनवायची. एकाने मला अख्खा भाग सांगितला, संवादासकट, जो मला कुठेच सापडलेला नाही. तो खोटं बोलत नव्हता. वर्षानुवर्षं सांगून सांगून ती गोष्ट त्याच्यासाठी मालिकेचा भाग झाली होती.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की परभणीतल्या या वादात कथेतली भोकं आणि प्रक्षेपणातली भोकं एकमेकांत मिसळलेली आहेत. ती वेगळी केल्याशिवाय ‘प्रेक्षकांना मालिका अपुरी वाटली’ असं एक वाक्यसुद्धा लिहिता येत नाही. मी वहीत प्रत्येक तक्रारीपुढे तीन रकाने आखलेत: मालिकेत नाही, पोचलं नाही, विसरलं. कित्येक तक्रारींपुढे तिन्ही रकाने रिकामे आहेत, आणि ते तसेच रिकामे ठेवणं हेही कामच आहे. रिकामा रकाना बघून घाबरू नका. भरायची घाई करणारा संशोधक जास्त धोकादायक.

आता ‘लाईट गेली’ हे तरी जसंच्या तसं घ्यायचं का? नाही. इथे जरा खोलात जाऊ, कारण मौखिक इतिहासाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला हा खड्डा लागतो.

बरेच जण सांगतात, ‘तेव्हा महावितरणचं लोडशेडिंग असायचं ना, बारा-बारा तास.’ महावितरण २००५ मध्ये आलं. १९९८ मध्ये ते एमएसईबी होतं, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. नावाची चूक किरकोळ आहे, कोणीही करेल. पण ती एक खूण आहे. वेळापत्रक लावून, तासांचा हिशोब करून होणारं मोठं भारनियमन प्रामुख्याने २००५ च्या पुढच्या वर्षांतलं. त्याआधीही लाईट जायची, व्होल्टेज पडायचं, वारं सुटलं की तार तुटायची. पण तो त्रास वेगळ्या जातीचा. नंतरचे अंधाराचे तास आठवणीत मागे सरकून १९९८ वर जाऊन बसलेत. म्हणजे ‘व्योम’ बघताना लाईट गेल्याची आठवण खरी असू शकते, पण किती वेळा गेली याचा हिशोब त्या आठवणीतून काढू नये. तो हिशोब काढायचा असेल तर त्या वेळची स्थानिक वर्तमानपत्रं, मंडळाच्या कार्यालयातले कागद, विधिमंडळातले प्रश्नोत्तर इकडे वळावं लागतं.

असाच दुसरा सरकता दगड म्हणजे लॉकडाऊन. एप्रिल २०२० मध्ये दूरदर्शनने ‘रामायण’, ‘महाभारत’, ‘शक्तिमान’ पुन्हा दाखवलं. त्यानंतर घेतलेल्या मुलाखतीत कोणी ‘शक्तिमान’चा प्रसंग बारकाव्यानिशी सांगितला की मी आधी विचारते, २०२० मध्ये पाहिलं होतं का? बहुतेक वेळा होय म्हणतात. मग ती आठवण १९९७ ची राहत नाही. ‘व्योम’ला त्या फेरीत तो मान मिळाला नाही. प्रेक्षक म्हणून मला वाईट वाटतं, संशोधक म्हणून बरं वाटतं, कारण त्याच्या आठवणी त्या मानाने कमी ढवळल्या गेल्यात.

आणि तिसरं, ‘परभणी जिल्हा’ म्हणजे नेमकं काय? १९९८ मध्ये हिंगोली, वसमत, कळमनुरी हे सगळं परभणी जिल्ह्यातच होतं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी वेगळा झाला. म्हणजे वसमतच्या माणसाची मुलाखत माझ्या प्रबंधात बसते की नाही? बसते, कारण मालिका सुरू झाली तेव्हा तो परभणीकर होता. सिनॉप्सिसमध्ये नुसतं ‘परभणी जिल्हा’ लिहून पाठवाल तर मुलाखतीच्या वेळी समितीतलं कोणीतरी हेच विचारणार. कोणत्या तारखेचा जिल्हा, हे आधीच लिहा.

वाद घालणाऱ्यांबद्दल एक गोष्ट मला उशिरा नाही, पहिल्या आठवड्यातच जाणवली. सगळे पुरुष. त्यांच्याच वयाच्या बायकांना विचारलं तर बऱ्याच जणी म्हणाल्या, नाव ऐकलंय. एक म्हणाली, भाऊ बघायला जायचा, मला पाणी भरायचं असायचं, नळ त्याच वेळेला यायचा. दुसऱ्याच्या घरी टीव्ही बघायला मुलाने जाणं आणि मुलीने जाणं यात फरक होता. दुसऱ्याचं घर कोणाचं आहे आणि तिथे कोणाला उंबऱ्याच्या आत येऊ देतात, कोणी खिडकीतून बघायचं, हाही फरक होता. खिडकीतून बघितलेल्या मालिकेचा आवाज नीट ऐकू येत नाही. अशा माणसाची ‘संवादच नव्हते फारसे’ ही तक्रार कोणत्या रकान्यात टाकायची ते तुम्हीच सांगा.

आता थिअरीकडे येऊ, कारण गाईड विचारणारच. चाहत्यांवरच्या अभ्यासात एक नाव टाळताच येत नाही, ते म्हणजे हेन्री जेंकिन्स, आणि त्यांचं १९९२ चं ‘टेक्स्च्युअल पोचर्स’. पोचर म्हणजे दुसऱ्याच्या रानात शिरून चोरून शिकार करणारा. ही उपमा त्यांनी मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताकडून घेतली. मुद्दा असा, की चाहते मालिका नुसती गिळत नाहीत. निर्मात्यांच्या रानात शिरतात, हवं ते उचलतात, आणि राहिलेल्या जागा स्वतः भरतात. जेंकिन्सचं मोठं उदाहरण अर्थातच ‘स्टार ट्रेक’. ही अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ चालली. दुसऱ्या हंगामानंतर बंद पडणार अशी हवा झाल्यावर चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरा हंगाम आला. चाहत्यांनी स्वतः काढलेली नियतकालिकं १९६७ पासूनच निघत होती. त्यात मूळ मालिकेत नसलेल्या गोष्टी लिहिल्या जायच्या, ‘या पात्राला संधीच दिली नाही’ म्हणून चर्चा व्हायच्या. ही मालिका पुढे ऐंशीच्या दशकात आपल्या दूरदर्शनवरही रविवारी सकाळी लागायची.

जेंकिन्स वाचाच. पण जसेच्या तसे उचलू नका. त्यांच्या चाहत्यांकडे व्हीसीआर होता. ते एकच भाग दहा वेळा बघायचे, थांबवून बघायचे, कॅसेटची देवाणघेवाण करायचे. त्यांची टीका ही पुन्हा पुन्हा वाचणाऱ्याची टीका आहे. मालिका त्यांना पाठ होती, म्हणून तिच्यातली उणीव त्यांना दिसत होती. आपल्याकडे उलटं. आपल्या मुलांनी गोष्ट भरून काढली कारण ती पुरती हाताला लागलीच नाही. दोन्हीकडे वरवर एकच कृती दिसते, ‘राहिलेली जागा भरणं’, पण कारण वेगळं, साधन वेगळं, आणि म्हणून अर्थही वेगळा. परदेशी सिद्धान्त परभणीला लावताना आधी विचारायचं, की या सिद्धान्ताच्या घरात कोणतं यंत्र होतं?

मग आपल्याकडच्या प्रेक्षकाला समजून घ्यायला जवळचं काय आहे? मला वाटतं, जातं.

थांबा, सांगते. पूर्णा तालुक्यात ताडकळस नावाचं गाव आहे. जात्यावरच्या ओव्यांचा जो मोठा संग्रह गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नातून उभा राहिला, त्यात ताडकळसच्या ओव्याही आहेत. सीतेच्या वनवासाच्या त्या ओव्यांत रानातल्या बोरी-बाभळी बायका होऊन रडणाऱ्या सीतेची समजूत काढतात. आता रामायणाच्या पोथीत सीतेच्या मनाला त्या रानात किती जागा आहे, आणि ओवीत किती आहे, ते मोजून बघा. दळणाऱ्या बाईला गोष्ट पूर्ण पाठ होती, देवळात कीर्तनात शंभरदा ऐकलेली होती. तरी तिला वाटलं की इथे काहीतरी सांगायचं राहिलंय, आणि तिने ते आपल्या शेताच्या बांधावरच्या झाडांकडून सांगून घेतलं. काटेरी झाडंच का? कारण तिच्या रानात तीच होती. गोष्टीतली राहिलेली जागा स्वतःच्या गावाने भरणं ही आपली फार जुनी सवय आहे, आणि ती बायकांनी जपली. टीव्हीवरच्या वादात त्या दिसत नाहीत याचं आश्चर्य म्हणून जास्त वाटतं.

टीव्हीवरच्या रामायणाचंही एक उदाहरण द्यायलाच हवं. रामानंद सागर यांची मालिका १९८८ मध्ये रामाच्या राज्याभिषेकापाशी संपणार होती. जालंधरच्या सफाई कामगारांनी, जे वाल्मीकींना आपले पूर्वज मानतात, संप केला. मागणी काय, तर वाल्मीकींच्या आश्रमातली, लव-कुशाची गोष्ट दाखवा. संप इतर शहरांत पसरला आणि शेवटी उत्तर रामायणाची वेगळी मालिका आली. ‘राहून गेलेली गोष्ट’ हा नुसता गप्पांचा विषय नाही हे त्यातून कळतं. कोणाची गोष्ट राहिली याला राजकारण असतं. तिथे मागणी करणाऱ्यांची संघटना होती, शहर ठप्प करायची ताकद होती. ‘व्योम’च्या दहा वर्षांच्या प्रेक्षकाकडे पोस्टकार्ड होतं फार तर.

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ‘असं करता आलं असतं’ या वाक्याला इतिहासात काही किंमत आहे का? ई. एच. कार यांनी जर-तरला दिवाणखान्यातला खेळ म्हणून बाजूला सारलं होतं. नेटची तयारी करताना तुम्ही ते वाचलंच असेल. पण मराठी माणूस हा खेळ सोडत नाही. पानिपत म्हटलं की विश्वासरावांना गोळी लागली नसती तर, हे येतंच.

आणि याच प्रश्नावर मराठीतली एक अफलातून विज्ञानकथा आहे. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना ट्रकची धडक बसते आणि ते अशा जगात जाऊन पोचतात जिथे १४ जानेवारी १७६१ ला मराठे जिंकलेत. तिथल्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे, पण भाडेकरूसारखी. पंत तिथल्या वाचनालयात बसून इतिहासाची पुस्तकं चाळतात, कारण संशोधकाला दुसरं काय सुचणार! आणि फरक कुठे पडला ते शोधतात. सगळा फरक एका क्षणात असतो. आपल्या जगात विश्वासरावांना लागलेली गोळी त्या जगात कानाजवळून निघून जाते. (अवांतर: ‘शक्तिमान’मधल्या वेंधळ्या फोटोग्राफरचं नावही गंगाधरच. एका गंगाधराने पुरावा म्हणून बखरीचं पान आणलं, दुसरा नुसता गिरकी घ्यायचा. विज्ञानकथेचे दोन रस्ते यात कळतात.)

या कथेतलं शिस्तीचं भान बघा. नारळीकर ‘सगळंच वेगळं असतं तर’ असं म्हणत नाहीत. एकच गोष्ट बदलतात, तीही अशी जी खरोखर इकडची तिकडे होऊ शकली असती. नायल फर्ग्युसन यांनी १९९७ च्या ‘व्हर्च्युअल हिस्टरी’ या संपादित पुस्तकात इतिहासकारांसाठी जवळपास याच्या शेजारचा नियम मांडला: त्या काळच्या माणसांनी ज्या पर्यायांचा खरोखर विचार केला होता, आणि ज्याचा कागदोपत्री पुरावा आहे, तेवढेच पर्याय विचारात घ्या. हा नियम फार कडक आहे असं अनेकांना वाटतं. मलाही वाटतं. पण सुरुवात तिथून करावी.

पानिपताचं उदाहरण आपल्यासाठी तितकं लांबचंही नाही. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला निजामाचा पराभव झाला, आणि मार्चमध्ये सदाशिवरावभाऊंची स्वारी उत्तरेकडे निघाली ती परतूरहून. हे परतूर १ मे १९८१ ला जालना जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. म्हणजे जुन्या परभणी जिल्ह्याच्या हद्दीतून निघालेली ती वाट. परतूरला कोणाला पाठवायचं यावर विचार झाला होता, रघुनाथरावांचं नाव समोर होतं. ‘भाऊंऐवजी राघोबादादा गेले असते तर’ हा पर्याय म्हणून फर्ग्युसनच्या चाळणीतून पार होतो. ‘मराठ्यांकडे विमानं असती तर’ हा होत नाही.

हीच चाळणी ‘व्योम’ला लावू.

‘ग्राफिक्स हॉलिवूडसारखं हवं होतं’ ही तक्रार बाद. १९९८ च्या भारतात टीव्हीच्या पैशात ते शक्य नव्हतं, आणि जे केलं तेच त्या काळाच्या मानाने धाडस होतं. ‘आणखी भाग हवे होते’ ही अर्धी बाद. दूरदर्शनवरच्या प्रायोजित मालिकांना वेळेचे पैसे मोजावे लागायचे आणि जाहिरातीतून ते वसूल करावे लागायचे. ‘शक्तिमान’ थांबण्यामागे ही वाढत गेलेली फी होती असं मुकेश खन्नांनी नंतर जाहीरपणे सांगितलंय. तेव्हा मालिका किती लांबणार हे लेखकाच्या हातात फारसं नसायचं.

पण ‘एकच सरकार झालं कसं’ ही तक्रार मात्र चाळणीतून सरळ पार होते. याला ना ग्राफिक्स लागतं, ना सेट. दोन माणसं एका खोलीत बसून बोलली तरी पुरे. आणि अशा प्रश्नांची सवय इथल्या लेखनाला तोवर झालेली होती. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ पाठवली ती १९७४ मध्ये. (नावाची आद्याक्षरं उलटी करून बघा.) पुढच्या वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गा भागवतांनी अध्यक्षीय भाषणात तिची दखल घेतली. नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर असे कितीतरी जण लिहिते झाले. नवं यंत्र आलं की माणसाचं, घराचं, सत्तेचं काय होतं, हे विचारणाऱ्या कथा दिवाळी अंकांतून सर्रास छापून येत होत्या. आणि खुद्द दूरदर्शनवर १९८९ च्या ‘इंद्रधनुष’मध्ये पोरांनी जोडलेला कॉम्प्युटर त्यांना काळात मागेपुढे घेऊन गेला होता. इतिहासाला हात घालणारी विज्ञान मालिका करून झाली होती. तेव्हा २१२३ चं जग कसं घडलं हे न सांगणं, याला मी खरीखुरी हुकलेली संधी म्हणते. पैशामुळे ती हुकली नाही. बारा गुन्हेगारांचा पाठलाग एवढा सोयीचा साचा मिळाल्यावर बाकीचं विचारायची गरज वाटली नसावी, असं माझं मत. मत म्हणूनच लिहिणार आहे, निष्कर्ष म्हणून नाही.

राहिली ती तिसरी तक्रार. ती परभणीतच ऐकायला मिळते, आणि मला फार आवडते. २१२३ मध्ये शेती कोण करतं? सगळे युनिफॉर्म घालून यानात फिरतात, मग धान्य येतं कुठून? चंद्रावर पाऊस नाही, मंगळावर माती कशी आहे माहीत नाही, मग एवढी माणसं खातात काय? १९७२ पासून कृषी विद्यापीठ असलेल्या शहरात हा प्रश्न पडणं साहजिक आहे. सांगणाऱ्याने तर एक भागच रचून दाखवला. पळालेल्या गुन्हेगारांपैकी एक जण बियाण्यांचा साठा पळवतो, आणि व्योमला त्याला मारता येत नाही, कारण ते बी रुजवायचं कसं हे फक्त त्यालाच माहीत असतं. मला विचाराल तर मूळ मालिकेतल्या कितीतरी भागांपेक्षा हा उजवा.

ऐकल्या ऐकल्या मी वहीत लिहिलं, ‘१९९८: कापसाच्या पट्ट्यातल्या प्रेक्षकाची टीका.’ संध्याकाळी ते खोडलं. हा प्रश्न त्याला १९९८ मध्ये पडला होता, की आत्ता पडलाय? तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. आता त्याची स्वतःची जमीन आहे, दर जूनमध्ये बियाण्याच्या दुकानापुढे रांगेत उभा राहतो. बी पळवणारा खलनायक दहा वर्षांच्या मुलाला सुचेल की पस्तीस-चाळीस वर्षांच्या शेतकऱ्याला? तक्रार खरी आहे, पण तिची तारीख कोणती? १९९८ ची असेल तर ती माझ्या प्रेक्षकांच्या प्रकरणात जाते. आजची असेल तर ती आजच्या शेतीबद्दल बोलतेय, ‘व्योम’ फक्त निमित्त, आणि मग तिची जागा दुसऱ्या प्रकरणात.

त्यालाच विचारलं. तो म्हणाला, तेव्हापासूनच वाटायचं. असं सगळेच म्हणतात. मग त्याच्या मोठ्या बहिणीकडे गेले. तिने मालिका पाहिलेली नाही, पण तिला आठवतं की याने चित्रकलेच्या वहीत चंद्रावर नांगर काढला होता आणि गुरुजींनी विचारलं होतं, बैल श्वास कसा घेणार? वही आता नाही. दोघांच्या आठवणी मी वेगवेगळ्या घेतल्या होत्या, एकमेकांसमोर नाही, त्यामुळे त्यांना थोडं वजन येतं. पुरेसं येतं का, ते अजून ठरलेलं नाही. त्याच शाळेत त्या वर्गात असलेले आणखी दोघे सोनपेठला आणि पुण्याला आहेत. त्यांच्याशी बोलायचं बाकी आहे.